विश्लेषण : रॅम्प आहे, तरी शाळा का सुटते? दिव्यांग मुलींच्या शिक्षणात मुख्याध्यापकांचा निर्णय किती महत्त्वाचा?

कायद्यात प्रवेशाचा हक्क आहे, योजनेत दरमहा भत्ता आहे आणि शाळेच्या माहितीत ‘रॅम्प : आहे’ अशी नोंदही आहे. तरीही कॅलिपर घालून, कुबड्या घेऊन किंवा व्हीलचेअरवर बसून पहिलीत आलेल्या अनेक मुली दहावीपर्यंत पोहोचत नाहीत. कायदा दिल्ली-मुंबईत होतो, निधी जिल्ह्यातून येतो. पण वर्ग कोणत्या मजल्यावर भरवायचा, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे ठेवायची, सहलीला कोणाला न्यायचे हे शाळेतच ठरते. म्हणूनच या मुलींच्या शिक्षणात मुख्याध्यापकांची भूमिका कळीची ठरते. ती कशी, याचा हा आढावा.

आकडेवारी काय सांगते?

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. लोकसंख्येत हे प्रमाण २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. चालण्या-फिरण्याशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती देशात सुमारे ५४ लाख होत्या आणि त्यात स्त्रिया सुमारे २१ लाख. नव्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत नियोजनाला हाच आधार आहे.

साक्षरतेतील दरी यापेक्षा बोलकी आहे. त्याच जनगणनेत दिव्यांग पुरुषांमध्ये साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६२ टक्के, तर दिव्यांग स्त्रियांमध्ये सुमारे ४५ टक्के होते. म्हणजे दिव्यांगत्वाचा फटका दोघांनाही बसतो, मात्र मुलींना तो दुहेरी बसतो.

५ ते १९ वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के मुले शिक्षणसंस्थेत जात होती, १२ टक्क्यांनी शाळा सोडली होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. युनेस्कोने २०१९मध्ये भारतातील दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षणाच्या प्रत्येक पुढच्या टप्प्यावर या मुलांची संख्या घटत जाते आणि शाळेत दिव्यांग मुलग्यांपेक्षा मुली कमी आहेत, याकडे त्या अहवालाने लक्ष वेधले होते.

शाळांच्या सुविधांची नोंद ‘यू-डायस प्लस’ या माहिती प्रणालीत होते. २०२१-२२च्या नोंदीनुसार देशातील शाळांत विशेष गरजा असलेले २२ लाख ६७ हजार विद्यार्थी होते. कठडा असलेला रॅम्प जवळपास निम्म्या शाळांत होता. दिव्यांगांना वापरता येईल असे स्वच्छतागृह मात्र सुमारे २७ टक्के शाळांतच होते. रॅम्प आणि स्वच्छतागृह या दोन आकड्यांमधील अंतर मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. शाळेत शिरता येते, पण दिवसभर थांबता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. २०१२मधील दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला. त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरही त्यांचा हक्क आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. तो १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकाला या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण १४व्या वर्षी संपते. दिव्यांग मुलीचे संरक्षण तिथे संपत नाही. आठवीनंतर ‘आता नियम बदलले’ असे सांगितले गेले, तर पालकांनी ही तरतूद लक्षात ठेवावी.

या कायद्याचे कलम १६ थेट शाळेला उद्देशून आहे. सरकारी निधी मिळणाऱ्या किंवा मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत, आवार आणि सुविधा वापरण्याजोग्या कराव्यात, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात, खेळ आणि करमणुकीची समान संधी द्यावी, प्रगतीवर लक्ष ठेवावे आणि वाहतुकीची सोय करावी, असे हे कलम सांगते. जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या सोबत्यासाठीही वाहतुकीची तरतूद आहे.

कलम १६मधील प्रवेशाचा आणि सोयींचा हक्क ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून नाही, हे अनेक शाळांना ठाऊक नसते. प्रमाणपत्र लागते ते मोफत शिक्षणाच्या वाढीव वयोमर्यादेसाठी, आरक्षणासाठी आणि काही योजनांसाठी. प्रमाणपत्र यायचे आहे म्हणून मुलीला दाराबाहेर ठेवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. इमारती आणि सेवा दिव्यांगांसाठी सुगम करण्याचे निकष केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालयाने म्हटले आणि केंद्राला तसे नियम करण्याचे निर्देश दिले.

मग अडते कुठे?

प्रवेश नाकारल्याची घटना बातमी होते. प्रत्यक्षात मात्र बहुतेक मुलींना कोणी स्पष्ट नकार देत नाही. त्यांना छोट्या छोट्या गोष्टी शाळेबाहेर काढतात.

समजा, एक मुलगी सातवीपर्यंत तळमजल्यावर शिकली. आठवीचा वर्ग ‘नेहमीप्रमाणे’ पहिल्या मजल्यावर आहे. कॅलिपर घालून रोज वीस पायऱ्या चढायच्या, मधल्या सुट्टीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. पहिल्या महिन्यात ती मधल्या सुट्टीत खाली येणे सोडते. दुसऱ्या महिन्यात पाणी पिणे कमी करते. तिसऱ्या महिन्यात तिची हजेरी घटू लागते. शाळेच्या दप्तरात कारण लिहिले जाते : ‘सतत गैरहजर’.

यावरचा उपाय फुकट आहे. आठवीचा वर्ग खाली आणायचा आणि दुसरा एखादा वर्ग वर न्यायचा. त्यासाठी वरिष्ठांच्या आदेशाची किंवा निधीची गरज नाही. वेळापत्रक आणि खोल्यांची वाटणी मुख्याध्यापकच करतात.

असे आणखी किती तरी निर्णय मुख्याध्यापकांच्या हातात असतात. प्रयोगशाळेतील एक टेबल कमी उंचीचे ठेवणे. परिपाठाला मुलीला तिच्याच वर्गाच्या रांगेत खुर्ची देणे. खेळाच्या तासाला तिला मुलींची दप्तरे सांभाळत वर्गात न बसवता कॅरम, बुद्धिबळ, गोळाफेक किंवा गुणलेखनात सामील करणे. सहलीची बस ठरवताना तिचा आधी विचार करणे. ‘यू-डायस’मध्ये तिची नोंद अचूक करणे. ही नोंद चुकली तर भत्ता, साहित्य आणि विशेष शिक्षकाची भेट अशा पुढच्या सगळ्या गोष्टी अडतात.

दहावी-बारावीच्या वेळी तर शाळेची जबाबदारी आणखी वाढते. लेखनिक, ज्यादा वेळ, तळमजल्यावरील बैठक व्यवस्था या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तो वेळेत गेला नाही, तर वर्षभराचा अभ्यास केलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी अडचणीत येते.

मुलींचा प्रश्न वेगळा का?

शारीरिक दिव्यांगत्व असलेला मुलगा आणि मुलगी यांच्या वाटेतील पायऱ्या सारख्याच असतात. मात्र वय वाढते तशी मुलीची वाट जास्त अवघड होत जाते.

पहिले कारण स्वच्छतागृह. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह शिक्षण हक्क कायद्यानुसार आवश्यक आहे. पण ते आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल, दाराला उंबरा असेल, भारतीय पद्धतीचे भांडे असेल आणि धरायला काही नसेल, तर गुडघा न वाकणाऱ्या मुलीसाठी ते नसल्यातच जमा. अनेक मुली सकाळी पाणी न पिता शाळेत येतात. मासिक पाळी सुरू झाल्यावर तर महिन्यातील काही दिवस शाळा बुडते. काही घरांत तोच शाळा थांबवण्याचा क्षण ठरतो.

दुसरे कारण उचलण्याचे. लहानपणी आई, वडील किंवा मोठा भाऊ कडेवर घेऊन शाळेत सोडतात. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीला कोणी उचलायचे, हा प्रश्न घरात कुजबुजत विचारला जातो. शाळेत पुरुष शिक्षक किंवा शिपाई उचलून वर नेत असेल, तर तिला त्याचा संकोच वाटतो. हा तिच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ‘आमच्याकडे मुले उचलून नेतात, काही अडत नाही,’ असे शाळेत कौतुकाने सांगितले जाते. पण रोज उचलून न्यावे लागणे ही मुलीसाठी सोय नाही. तिला स्वतःहून जाता आले पाहिजे.

तिसरे कारण अंतर. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीला संपते. पुढची शाळा शेजारच्या गावात असते. मुलींनी शिकावे म्हणून राज्यात एसटीचा मोफत पास आहे आणि काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात. या योजनांनी हजारो मुलींना शाळेत टिकवले. पण पायात कॅलिपर असलेल्या मुलीला सायकलचा उपयोग नाही आणि एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर असते. मुलींच्या योजना आखताना दिव्यांग मुलगी नजरेआड झाली आणि दिव्यांगांच्या योजना आखताना मुलगी, असे अनेकदा होते.

चौथे कारण अपेक्षेचे. ‘हिला शिकवून काय करायचे?’ हा प्रश्न मुलीबाबत विचारला जातो आणि दिव्यांगांबाबतही. दोन्ही एकत्र आले की उत्तर आधीच ठरलेले असते. अशा वेळी घरी येऊन ‘हिचे गणित चांगले आहे, हिला पुढे पाठवा’ असे मुख्याध्यापकांनी सांगितले, तर त्या शब्दाला गावात वजन असते.

रॅम्प ‘आहे’ म्हणजे नेमके काय आहे?

शाळेच्या माहितीत रॅम्प असणे आणि मुलीला तो एकटीने वापरता येणे, यात फरक आहे. सर्वसाधारण निकष १:१२ उताराचा आहे. म्हणजे जोत्याची उंची १ सेंटिमीटर असेल, तर रॅम्पची लांबी १२ सेंटिमीटर हवी. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. ६० सेंटिमीटर असेल, तर ७.२ मीटर.

जागा नाही किंवा सिमेंट वाचवायचे म्हणून दोन मीटरचा रॅम्प बांधला, तर तो घसरगुंडी होतो. व्हीलचेअर त्यावरून मागे येते आणि कुबडी पावसाळ्यात घसरते. दोन्ही बाजूंना कठडा, खडबडीत पृष्ठभाग आणि वर-खाली सपाट जागा नसेल, तर रॅम्प नुसता दाखवण्यापुरता उरतो.

स्वच्छतागृहाचेही तसेच. दार किमान ९० सेंटिमीटर मोकळे आणि बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत व्हीलचेअर वळवायला सुमारे दीड मीटरची जागा हवी. खुर्चीच्या उंचीचे कमोड, भिंतीला घट्ट बसवलेली आडवी दांडी, हाताला येईल असा नळ आणि आतून लावता येणारी कडी हवी. मुलींसाठी सॅनिटरी पॅड टाकण्याची बंद पेटीही त्याच स्वच्छतागृहात हवी.

ही मोजमापे घ्यायला अभियंता लागत नाही. मोजपट्टी घेऊन मुख्याध्यापक, एक पालक आणि ती मुलगी अशा तिघांनी अर्ध्या तासात फाटकापासून वर्गापर्यंत आणि वर्गापासून स्वच्छतागृहापर्यंत चालून पाहिले, तरी काय कमी आहे ते समजते. बऱ्याच शाळांत बांधलेले दिव्यांग स्वच्छतागृह कुलूपबंद असते किंवा तिथे खराटे, बादल्या आणि जुने बाक ठेवलेले असतात. ते मोकळे करायला एक पैसाही लागत नाही.

पैसा कुठून येतो?

‘समग्र शिक्षा’ ही केंद्र आणि राज्याच्या खर्चातून चालणारी योजना २०१८पासून लागू आहे. समावेशित शिक्षणासाठी तिच्यात प्रत्येक विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातून साहित्य-साधने, तपासणी शिबिरे, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता असा खर्च करता येतो. विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपये, असे १० महिन्यांचे वर्षाला २,००० रुपये प्रोत्साहन भत्ता वेगळा मिळतो.

२०० रुपयांत रोजच्या रिक्षाचा खर्च भागत नाही, हे उघड आहे. मात्र हा भत्ता बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी मुलीचे खाते, आधार जोडणी आणि शाळेची नोंद हे सगळे नीट लागते. ही कागदपत्रे पूर्ण करून घेण्याचे काम शाळेचे आहे. अनेक कुटुंबांना असा भत्ता असतो हेच कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका यांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. मुख्याध्यापकांनी गावातील शाळेचा रॅम्प किंवा स्वच्छतागृहाचा प्रस्ताव मोजमापासह ग्रामसभेत मांडला, तर तो या निधीच्या चर्चेत येऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असतात. तिथे दिव्यांग मुलीच्या आईला जागा मिळाली, तर हा विषय प्रत्येक बैठकीत निघतो.

‘घरीच शिकवा’ ही सोय की पळवाट?

२०१२च्या दुरुस्तीने बहुदिव्यांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी हा पर्याय आवश्यकच आहे. मात्र कायद्यात तो हक्क म्हणून आहे, शाळेची जबाबदारी टाळण्याचा मार्ग म्हणून नाही.

ज्या मुलीला फक्त चालता येत नाही आणि जिची बुद्धी, वाचा, श्रवणशक्ती व्यवस्थित आहे, तिला घरी बसवण्याचे कारण दिव्यांगत्व नसते, शाळेच्या पायऱ्या असतात. विशेष शिक्षक आठवड्यातून एखादा तास घरी आला, तरी त्यातून विज्ञानाचे प्रयोग, मैत्रिणी, भांडणे, स्नेहसंमेलन आणि स्पर्धा मिळत नाहीत. मुलीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. घरी असलेल्या मुलीकडे धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे आणि भाजी निवडण्याचे काम येते आणि शिक्षण कागदावरच उरते.

एका मुख्याध्यापकाचा ‘नाही’ किती लांब जातो, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. ज्युडिथ ह्यूमन यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाच वर्षांच्या झाल्यावर त्यांची आई त्यांना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील शाळेत घेऊन गेली. व्हीलचेअरमुळे आग लागल्यास धोका होईल, असे सांगून तिथल्या मुख्याध्यापकांनी प्रवेश नाकारला. त्यानंतर काही वर्षे आठवड्याला जेमतेम अडीच तास घरी येणाऱ्या शिक्षकावर त्यांचे शिक्षण चालले. १९७०मध्ये त्याच शहराच्या शिक्षण मंडळाने त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला. त्या न्यायालयात गेल्या, परवाना मिळवला आणि न्यूयॉर्कमधील व्हीलचेअर वापरणाऱ्या पहिल्या शिक्षिका ठरल्या. पुढे त्या अमेरिकेच्या शिक्षण खात्यात विशेष शिक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या सहायक मंत्री झाल्या. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राला नसीमा हुरजूक यांचे काम परिचित आहे. किशोरवयात पाठीच्या कण्याच्या आजाराने त्यांच्या कमरेखालच्या शरीराची हालचाल थांबली. पुढे त्यांनी शिक्षण आणि नोकरी केली आणि १९८४मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंग मुला-मुलींसाठी वसतिगृह आणि शिक्षणाची सोय हे त्या कामाचे महत्त्वाचे अंग राहिले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांपर्यंत पोहोचले आहे. इमारत, स्वच्छतागृह आणि प्रवास या गोष्टी गृहीत न धरता आधी त्यांचा विचार केला, की मुली शिकतात, हे या कामातून दिसले.

मुख्याध्यापकांची अडचण काय?

सगळा दोष मुख्याध्यापकांवर टाकणे सोपे आहे, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक आणि सहावी ते आठवीच्या शाळेत १०० हून अधिक विद्यार्थी असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद आवश्यक ठरते. वाड्या-वस्त्यांवरील दोन शिक्षकी शाळेत त्यांच्यापैकी एक शिक्षक प्रभारी असतो. तोच दोन-तीन वर्ग एकत्र शिकवतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो आणि निवडणुकीचे कामही करतो. नेतृत्व कोणी करायचे, हा प्रश्न या शाळांत अक्षरशः खरा आहे.

दुसरी अडचण विशेष शिक्षकांची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढील स्तरावर दर १५ विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे स्पष्ट केले. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदे निश्चित करून भरण्यास सांगितले. ग्रामीण भागात मात्र एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. त्यांची भेट कधी होईल, यावर वर्गशिक्षकांना अवलंबून राहता येत नाही.

तिसरी अडचण प्रशिक्षणाची. मुख्याध्यापकपदी बढती बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने मिळते. कार्यालयीन कामकाज शिकवले जाते. कॅलिपर कसे सैल करायचे, व्हीलचेअर कशी वळवायची किंवा तेरा वर्षांच्या मुलीशी तिच्या गरजांबद्दल कसे बोलायचे, हे कोणी शिकवत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. त्यातील काही तास या विषयाला मिळाले, तरी फरक पडू शकतो.

युनेस्कोचा २०२४-२५चा जागतिक शिक्षण अहवाल शालेय नेतृत्वावरच होता. मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतील घटकांत वर्गातील अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचे स्थान आहे, हा त्यातील प्रमुख मुद्दा. अपेक्षा ठरवणे, शिकण्यावर लक्ष केंद्रित करणे, सहकार्य वाढवणे आणि माणसे घडवणे ही नेतृत्वाची चार कामे या अहवालाने सांगितली. पण त्यासाठी मुख्याध्यापकांना वेळ, अधिकार आणि विश्वास द्यावा लागतो.

पालकांनी शाळेला काय विचारावे?

प्रवेश घेतानाच काही प्रश्न विचारणे उपयोगी ठरते. यंदा आणि पुढच्या वर्षी मुलीचा वर्ग कोणत्या मजल्यावर असेल? दिव्यांग स्वच्छतागृह वापरात आहे का, त्याची किल्ली कोणाकडे असते? ‘यू-डायस’मध्ये मुलीची नोंद झाली आहे का? प्रोत्साहन भत्ता आणि प्रवास भत्त्याचा अर्ज कधी भरायचा? विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात? गरज पडल्यास मुलीने कोणत्या शिक्षिकेकडे जायचे?

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्र यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. शाळेने प्रवेश नाकारला किंवा सोयी दिल्या नाहीत, तर आधी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्याकडे दाद मागता येते. त्यापुढे पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाचा मार्ग आहे. २०१६च्या कायद्याचे उल्लंघन झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तक्रारीची वेळ मात्र सहसा उशिरा येते. तोवर मुलीची सवय मोडलेली असते आणि मैत्रिणी पुढच्या वर्गात गेलेल्या असतात. म्हणून खरा काळ आहे तो सातवी ते नववी या तीन वर्षांचा. याच काळात शाळा बदलते, वर्ग वरच्या मजल्यावर जातो, पाळी सुरू होते आणि घरात लग्नाच्या गोष्टी निघू लागतात. या तीन वर्षांत शाळेतील एका जबाबदार व्यक्तीने मुलीची हजेरी दर आठवड्याला पाहिली आणि ती सलग तीन दिवस आली नाही तर घरी फोन केला, तरी पुष्कळ मुलींची शाळा वाचू शकते.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना खोल्यांची वाटणी होते. कोणता वर्ग कुठे भरेल, हे एका कागदावर लिहून सूचना फलकावर लावले जाते. तो कागद लिहिण्याआधी शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलींची नावे समोर ठेवली, तर अर्धे काम त्याच दिवशी होते.